प्रवेश आणि मार्गदर्शन : कमला सोहोनी यांच्या संशोधन-जीवनाच्या संदर्भात

उच्च शिक्षणाच्या इतिहासात स्त्रियांना मिळालेल्या प्रवेशाची नोंद आढळते. प्रवेशानंतर लाभलेल्या मार्गदर्शनाचा विचार मात्र क्वचितच होतो. या दृष्टीने कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांचे उदाहरण उद्बोधक आहे. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री असल्याच्या कारणावरून तो नाकारला. कमलाबाईंनी आग्रह सोडला नाही. तेव्हा एक वर्ष परीक्षणाधीन राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. हा प्रवेश होता, स्वीकार नव्हे.

त्यांच्यातील संशोधक घडला तो प्रा. श्रीनिवासय्या यांच्या प्रयोगशाळेतील शिस्तीत. दूध व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास त्यांनी तेथे केला. पुढे केंब्रिज येथे वनस्पतींतील ‘सायटोक्रोम-सी’वरील संशोधनासाठी १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. कमलाबाईंच्या कामानंतर रामन यांनीही संस्थेची दारे स्त्रियांना खुली केली.

तात्पर्य, नियमाने दार उघडते; वाट दाखवतो तो शिक्षक. असा शिक्षक लाभणे हा योगायोग न राहता विद्यापीठाची जबाबदारी ठरणे अगत्याचे आहे.