साथीच्या रांगेतून

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अमेरिकेतील नृत्यवृंदांमध्ये गिटारीला जी जागा मिळाली होती ती मानकऱ्याची नव्हती, चाकरीची होती. ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन पुढे उभे राहून आपापली उपज मांडीत असताना मागच्या रांगेतील गिटारवादक दर मात्रेला एक कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वरांचा एकत्रित आघात, इमानेइतबारे देत राही. आणि लाकडी पेटीतून उमटणारा त्याचा क्षीण नाद दहा-पंधरा वाद्यांच्या गजरात जेमतेम जाणवे, मग एकेरी तान कुठली ऐकू येणार? ह्या चाकरीचा उल्लेख मी मुद्दाम आधी करतो, कारण जॅझमधील गिटारीची पुढील सारी प्रतिभा ह्या सक्तीच्या साथीतूनच उपजली असे माझे मत आहे. जो हात वर्षानुवर्षे कॉर्ड दाबीत आला, त्यानेच एके दिवशी त्या कॉर्डचे स्वर सुटे केले आणि एकापाठोपाठ एक असे लयीत गुंफले. ह्या सुट्या स्वरांच्या मांडणीला अर्पेजिओ म्हणतात.

अपवाद होते, आणि ते मोठे होते. लॉनी जॉन्सन आणि एडी लँग ह्या दोघांनी १९२८-२९ मध्ये गिटारीची युगुलवादने मुद्रित केली, तेव्हा जॉन्सन कृष्णवर्णीय आणि लँग गोरा असल्यामुळे तबकड्यांवर त्याला 'ब्लाइंड विली डन' असे खोटे नाव धारण करावे लागले; वर्णभेदाचा अंमल कलेच्या दफ्तरातही कसा चाले ह्याची ही खूण होय. तिकडे फ्रान्समध्ये जँगो राइनहार्ट ह्याचा डावा हात १९२८ च्या आगीत भाजून दोन बोटे निकामी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांनी त्याने अर्पेजिओंचे असे झोत उठविले की चार बोटांच्या वादकांनी अचंबा करावा. परंतु हे सारे लहान संचांत. मोठ्या वृंदापुढे गिटार मुकीच राहिली.

तिला वाचा फुटली ती विजेने. १९३६ साली गिब्सन कंपनीने ईएस-१५० हे विद्युत्‌-वाद्य बाजारात आणले आणि ते ओक्लाहोमा सिटीच्या चार्ली ख्रिश्चन ह्या तरुणाच्या हाती पडले. अंध वादक पित्यासमवेत रस्त्यावर गाऊन-वाजवून पैसे मिळविणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा. शाळेच्या हस्तव्यवसायाच्या तासाला तो सिगारच्या खोक्यांच्या गिटारी बनवी, अशी आठवण त्याच वस्तीत वाढलेल्या राल्फ एलिसन ह्या कादंबरीकाराने लिहून ठेवली आहे. १९३९ च्या ऑगस्टमध्ये ध्वनिमुद्रण-निर्माता जॉन हॅमंड ह्याने त्याला बेव्हर्ली हिल्सच्या एका उपाहारगृहात वृंदप्रमुख बेनी गुडमनपुढे उभा केला. गुडमनला हा आगंतुक नको होता, म्हणून हा अडखळेल अशा अपेक्षेने त्याने 'रोझ रूम' ही चीज पुकारली. ती पाऊण तास चालली, असे हॅमंड सांगे, आणि ती संपली तेव्हा ख्रिश्चन गुडमनचा वादक झालेला होता.

त्याच्या वादनाचे मर्म ब्लूजवरून चांगले उकलते. चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांचा हा घाट. बी फ्लॅट ही त्याची नित्याची पट्टी, तिलाच आपला षड्ज समजू. पहिल्या आवर्तनातील कॉर्डमध्ये सा, शुद्ध ग, प आणि कोमल नि. पाचव्या आवर्तनात कॉर्ड मध्यमावर सरकते आणि तिचे स्वर होतात म, ध, सा आणि कोमल ग. म्हणजे षड्ज दोहोंकडे कायम असून गांधार मात्र शुद्धाचा कोमल होतो. कापसाच्या मुलुखातील कृष्णवर्णीय गायक ज्या गांधाराला दोहोंच्या मध्ये हेलकावत ठेवीत, त्याच गांधाराची ही कॉर्डच्या व्यवहारातील नोंद आहे. बोटांखालची कॉर्डची आकृती न सोडता तिचे स्वर चढत्या-उतरत्या क्रमाने उलगडणारा वादक ह्या एका उतरणीवर आपली सारी कथा उभी करू शकतो. ख्रिश्चन ते करी आणि पुढे कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजलेल्या नवव्या-तेराव्या स्वरांपर्यंत चढून जाई.

येथेच मेलोडिक मायनर उपयोगी पडतो. युरोपीय दस्तुराप्रमाणे हा मेळ चढताना धैवत-निषाद शुद्ध आणि उतरताना ते कोमल असा चाले; जॅझवाल्यांनी ती वहिवाट मोडून चढते रूपच दोन्ही दिशांना चालविले. गांधार तेवढा कोमल, बाकी सारे शुद्ध: आपल्या पटदीपाचे स्वर हेच, फक्त पटदीपाच्या आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य असतात. पाचव्या आवर्तनात षड्जावरचा हा मेळ वाजविला की त्यातील शुद्ध निषाद नव्या कॉर्डच्या हिशेबाने तीव्र मध्यम ठरतो आणि तिच्यावर एक तेज चढते. आठव्या आवर्तनात धैवतावरची कॉर्ड आली की तिच्या लगतच्या कोमल निषादाला षड्ज मानून तोच मेळ मांडावा, म्हणजे ताण निर्माण करणारे सर्व विकृत स्वर एकदम हाती येतात आणि पुढच्या आवर्तनात ते सुटतात. १९४१ साली हार्लेममधील मिंटन्स ह्या क्लबातील मैफलींत, जेथे थेलोनियस मंक आणि केनी क्लार्क ह्यांच्याबरोबर ख्रिश्चन रात्री जागवी, अशा विकृत स्वरांची आवड पुष्कळ वाढीला लागली. ह्या आवडीला शास्त्राची सनद मात्र उशिरा मिळाली, आणि त्या दिशेचा एक मोठा प्रयत्न म्हणजे जॉर्ज रसेलचा १९५३ चा ग्रंथ. २ मार्च १९४२ रोजी क्षयाने ख्रिश्चनची अखेर झाली, तेव्हा त्याचे वय अवघे पंचवीस होते.

इंडियानापोलिसच्या वेस माँटगोमेरीने ख्रिश्चनच्या तबकड्या ऐकूनच विद्या संपादिली. त्याला स्वरलेखन वाचता येत नसे. त्याने उस्तादाच्या ताना स्वरन्‌स्वर पाठ केल्या, आणि नखीऐवजी अंगठ्याने तार छेडण्याची मवाळ रीत पत्करली. दिवसा कारखाना आणि रात्री क्लब अशा कष्टांत घडलेला हा वादक १९६० च्या जानेवारीत न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रणास बसला, तेव्हा 'वेस्ट कोस्ट ब्लूज' ही स्वरचित चीज त्याने तिस्र लयीत मांडली. त्याच्या उपजेचा क्रम तेव्हा ठरून गेलेला होता: आधी एकेरी स्वरांत अर्पेजिओ, मग तीच भाषा दोन सप्तकांत एकदम, आणि शेवटी संपूर्ण कॉर्डच्या माळा, ज्या एकेकाळी मागच्या रांगेत बसून दर मात्रेला द्याव्या लागत.