शिसे आणि पारा : दोन जड धातू, दोन स्वभाव

उन्हाळा सुरू झाला की ‘विदर्भात पारा चढला’ असे मथळे आजही छापले जातात, डॉक्टर रक्तदाब सांगतात तो ‘मिलिमीटर पारा’ या एककात, आणि शाळकरी मुले लिहितात ती ‘शिसपेन्सिली’ने. वास्तविक घरातील तापमापक आता बहुधा इलेक्ट्रॉनिक असतो आणि शिसपेन्सिलीत शिसे नसतेच. ग्रॅफाइट म्हणजे शिशाचाच एक प्रकार, असा पूर्वी समज होता, त्यातून हे नाव रूढ झाले. भाषेतील या खुणांवरून दोन्ही धातू माणसाच्या किती निकट वावरले आहेत, याची कल्पना येते.

मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत पारा ८० व्या आणि शिसे ८२ व्या क्रमांकावर आहे. दोहोंच्या मध्ये थॅलियम हा एकच धातू. पाऱ्याची संज्ञा एचजी ही ‘हायड्रार्जिरम’ म्हणजे ‘पाण्यासारखी चांदी’ या अर्थाच्या शब्दावरून, तर शिशाची पीबी ही ‘प्लंबम’ या लॅटिन नावावरून आली. रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करीत, म्हणून नळकाम करणारा तो ‘प्लंबर’. संस्कृत ग्रंथांत शिशाला नाग आणि पाऱ्याला पारद किंवा रस म्हटले आहे. ‘रसशास्त्र’ हे नावच पाऱ्यावरून पडले.

वजनाच्या बाबतीत दोघे अर्थातच भारी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तेवढ्याच आकारमानाचे शिसे ११.३ किलो आणि पारा सुमारे १३.६ किलो भरतो. म्हणजे शिशाचा गोळा पाऱ्यावर चक्क तरंगतो, आणि थोडा वेळ ठेवला तर हळूहळू त्यात विरघळूही लागतो. साम्य मात्र येथे संपते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि १७४९ अंशांना उकळते. पारा शून्याखाली ३९ अंशांपर्यंत द्रवरूपच राहतो आणि ३५७ अंशांना त्याची वाफ होते. साध्या खोलीच्या तापमानालाही तो थोडाथोडा हवेत उडत असतो. थोडक्यात, शिसे ठेवले तेथे राहते आणि पारा राहत नाही. या दोघांचे उपयोग काय, ते घातक कसे ठरतात आणि त्यांना हद्दपार करणे सोपे की कठीण, हे बहुतांशी या एका फरकावरून ठरते.

इतक्या जवळच्या दोन मूलद्रव्यांत हा फरक का? उत्तर आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतापर्यंत जाते. अशा जड अणूंत अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात. त्या परिणामामुळे सर्वांत बाहेरच्या कवचातील दोन इलेक्ट्रॉनही केंद्रकाकडे अधिक घट्ट ओढले जातात. पाऱ्याकडे बाहेर तेवढे दोनच असल्याने त्याचे अणू शेजाऱ्यांशी फारसे जुळवून घेत नाहीत आणि धातू द्रवरूप राहतो. शिशाकडे आणखी दोन मोकळे इलेक्ट्रॉन असतात, त्यांच्या आधारे ते घनरूप होते. पण घट्ट धरलेली ती जोडी शिशातही आहेच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतील सुमारे १० व्होल्ट या सापेक्षतेच्या परिणामामुळेच मिळतात. रोज सकाळी गाडी सुरू होते त्यात आइनस्टाइनचा वाटा एवढा मोठा असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही.

निसर्गात दोन्ही धातू प्रामुख्याने गंधकाशी संयोग पावलेले आढळतात. शिशाचे खनिज गॅलेना. आपल्याकडे राजस्थानात जावर परिसरात त्याच्या खाणी आहेत. पाऱ्याचे खनिज सिनाबार, म्हणजेच आपला हिंगूळ. स्पेनमधील आल्मादेन आणि स्लोव्हेनियातील इद्रिया या त्याच्या प्रसिद्ध खाणी आता बंद असून २०१२ मध्ये त्यांची नोंद जागतिक वारसा यादीत झाली. गंमत म्हणजे या दोन्ही करड्या-रुपेरी धातूंनी माणसाला लाल रंग दिला. हिंगूळ हा पाऱ्याचा, तर मारुतीच्या मूर्तीला लागणारा पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड. शेंदूर पोटात जाऊ नये, हे घरातील वडीलधाऱ्यांचे सांगणे रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही रास्तच होते.

पाऱ्याचे उपयोग त्याच्या प्रवाहीपणातून निघाले. १६४३ मध्ये टॉरिचेलीने हवेचा दाब मोजला तो पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटर स्तंभाने. पाणी वापरले असते तर दहा मीटरहून उंच नळी लागली असती. फॅरनहाइटचा पाऱ्याचा तापमापक १७१४ चा. सोने पाऱ्यात विरघळते, म्हणून वाळूतील सोन्याचे कण गोळा करण्यासाठी तो वापरला गेला. लहान खाणकाम करणारे अनेक देशांतील लोक आजही तेच करतात आणि मग पारा जाळून उडवून देतात. मानवनिर्मित पारा-प्रदूषणाचा सर्वांत मोठा स्रोत हाच आहे. लोखंडाशी मात्र पाऱ्याचे जमत नाही, त्यामुळे तो लोखंडी बाटलीत साठवतात. अ‍ॅल्युमिनियमला तर तो पोखरतो. विमानात पाऱ्याचा तापमापक नेण्यावर निर्बंध आहेत ते यासाठीच.

शिशाचे उपयोग स्थैर्यातून आले. मऊ, सहज ओतता येणारे, न गंजणारे. वृत्तपत्रे खिळ्यांवर छापली जात तेव्हाचे ते खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. क्ष-किरण अडवण्यासाठी दवाखान्यात वापरतात तो जड अंगरखा शिशाचा. पण आज जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी बहुतांश एकाच ठिकाणी जाते, ते म्हणजे बॅटरी. फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये बनवलेली शिसे-आम्ल बॅटरी आजही मोटारीत आणि घरोघरच्या इन्व्हर्टरमध्ये आहे. वीज देताना तयार होणारे शिशाचे सल्फेट आम्लात न विरघळता पट्टीलाच चिकटून राहते. म्हणूनच उलटा प्रवाह सोडला की पट्ट्या पूर्ववत होतात आणि बॅटरी पुन्हा भरता येते.

विषारीपणाकडे वळताना एक गैरसमज दूर करावयास हवा. तापमापक फुटून त्यातील पारा गिळला गेला तर तो आतड्यात फारसा शोषला जात नाही. खरा धोका त्याची वाफ श्वासातून जाण्याचा. म्हणून सांडलेला पारा केरसुणीने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने गोळा करू नये. खिडक्या उघडाव्यात, कागदाच्या पुठ्ठ्याने थेंब एकत्र करावेत आणि झाकणाच्या बरणीत पाण्याखाली ठेवावेत.

दोन्ही धातूंनी सर्वाधिक हाहाकार माजवला तो मात्र कार्बनशी जोडले गेल्यावर. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथाइल पारा माशांत साठला आणि मासे खाणाऱ्यांच्या मज्जासंस्थेवर त्याने घाला घातला. या रोगाची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. कारण सरकारने मान्य करण्यास १९६८ उजाडले. शिशाच्या बाबतीत तर माणसाने जाणूनबुजून त्या स्थिर धातूला उडायला लावले. १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांनी टेट्राएथिल लेड पेट्रोलमध्ये घातल्यास इंजिनाची धडधड थांबते हे दाखवले आणि पुढे जगभरच्या रस्त्यांवर धुरातून शिसे पसरले. ते उघडकीस आणण्यात मोठा वाटा असलेले क्लेअर पॅटरसन मुळात शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय मोजत होते. प्रत्येक नमुन्यात बाहेरचे शिसे मिसळते आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. भारतात शिसेमुक्त पेट्रोल सर्वत्र अनिवार्य झाले ते २००० मध्ये, आणि अल्जीरियाने शिसेयुक्त पेट्रोल विकणे २०२१ मध्ये थांबवले तेव्हा कुठे जगातून ते संपले.

पाऱ्याची पीछेहाट आता बरीच झाली आहे. मिनामाताच्याच नावाने झालेला आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला, भारताने त्यास २०१८ मध्ये मान्यता दिली. तापमापक, दिवे, दात भरण्याचे मिश्रण, या सर्वांना पर्याय आहेत.

शिशाचे तसे नाही. रंगांतून ते काढता आले. घरगुती रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम भारतात २०१७ पासून लागू आहे. परंतु स्वस्त, जुनी आणि भरवशाची बॅटरी सहजासहजी जाणार नाही. शिवाय शिसे जवळजवळ संपूर्ण पुन्हा वापरता येते, हा त्याचा मोठा गुण. अडचण आहे ती पुनर्वापर कोठे होतो, याची. बंदिस्त कारखान्यात ते निर्धोकपणे होऊ शकते. वस्तीलगतच्या उघड्या भट्टीत बॅटरी फोडून शिसे वितळवले की धूर आणि धूळ अंगणात, भांड्यांवर, मुलांच्या हातांवर बसते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते, तेथे ते दशकानुदशके राहते आणि गर्भारपणात आईच्या हाडांतून बाळापर्यंत पोहोचते. मुलांच्या मेंदूला बाधणार नाही असे शिशाचे कोणतेही सुरक्षित प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘युनिसेफ’च्या २०२० मधील अहवालाने जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असल्याचा अंदाज दिला, त्यांतील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील होती.

वापरलेल्या बॅटऱ्या नोंदणीकृत यंत्रणेकडेच जाव्यात, असे नियम भारतात २००१ मध्ये आले आणि त्यांची जागा २०२२ मध्ये अधिक व्यापक नियमांनी घेतली. इन्व्हर्टरची बॅटरी बदलताना जुनी विक्रेत्याकडे परत देऊन किमतीत सूट घेता येते. दारावरचा भंगारवाला त्याहून शे-दोनशे रुपये जास्त देऊ करतो, तेव्हा ती बॅटरी बहुधा अशाच एखाद्या उघड्या भट्टीकडे निघालेली असते.