गव्हाच्या तीन पेंढ्या आणि हार्वर्डचं ‘सत्य’

विद्यापीठाचं बोधचिन्ह निरखून कोण पाहतं? पदवीच्या कागदावर, लेटरहेडवर, टी-शर्टवर ते असतं, एवढंच. पण एका ढालीवरून अमेरिकेत केवढा वाद झाला ते वाचलं, आणि मला ही गोष्ट सांगावीशी वाटली.

हार्वर्डचं मूळ चिन्ह १६४३ सालचं. तीन उघडी पुस्तकं आणि त्यांवर ‘व्हेरिटास’, म्हणजे सत्य. बैठकीच्या नोंदवहीत ते रेखाटलं गेलं आणि पुढं जवळजवळ दोनशे वर्षं विसरलं गेलं. विद्यापीठाच्या द्विशताब्दीच्या वेळी अध्यक्ष जोसाया क्विन्सी यांनी जुन्या दफ्तरातून ते पुन्हा उजेडात आणलं.

१९३६ मध्ये त्रिशताब्दी आली. तेव्हा विद्यापीठाच्या वेगवेगळ्या विभागांसाठी ढाली बनवल्या गेल्या. लॉ स्कूलच्या वाट्याला आलेल्या ढालीत वर ‘व्हेरिटास’ आणि खाली निळ्या रंगावर गव्हाच्या तीन सोनेरी पेंढ्या. दिसायला छान.

आता कायद्याचा आणि गव्हाचा काय संबंध? काहीच नाही. त्या पेंढ्या होत्या रॉयल या घराण्याच्या कुलचिन्हातल्या.

आयझॅक रॉयल (थोरला) याने कॅरिबियन समुद्रातल्या अँटिगा बेटावर उसाच्या मळ्यांतून पैसा केला. मळ्यांत राबत होते गुलाम. १७३६ मध्ये तिथं बंडाच्या कटाच्या आरोपावरून ८८ गुलामांना ठार मारलं गेलं, त्यातल्या ७७ जणांना जिवंत जाळून. पुढच्याच वर्षी हा रॉयल बोस्टनजवळच्या मेडफर्डला राहायला आला. सोबत गुलामही आणले. तिथली गुलामांच्या राहण्याची इमारत आजही उभी आहे.

त्याच्या मुलाने, म्हणजे धाकट्या आयझॅकने, मृत्युपत्रात हार्वर्डला जमीन दिली. त्यातून १८१५ मध्ये कायद्याचं पहिलं प्राध्यापकपद निर्माण झालं आणि १८१७ मध्ये लॉ स्कूल. देणगीदाराची आठवण म्हणून पेंढ्या ढालीवर चढल्या. पेंढ्या बांधणाऱ्या हातांची आठवण कुणाला झाली नाही.

त्यातली एक बाई मात्र स्वतः बोलली. बेलिंडा तिचं नाव. रॉयल कुटुंबात जवळजवळ पन्नास वर्षं राबल्यावर १७८३ मध्ये तिने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला: या मालमत्तेत माझे कष्ट आहेत, माझा वाटा द्या. वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर झाले. पैसे लवकरच थांबले. तिला पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले.

२०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी ही ढाल हटवा म्हणून आंदोलन सुरू केलं. समिती नेमली गेली. दहा विरुद्ध दोन मतांनी ढाल काढण्याची शिफारस झाली आणि मार्च २०१६ मध्ये ती मान्यही झाली.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते विरोधी मताने. ढाल ठेवा म्हणणाऱ्या दोघांपैकी एक होत्या अ‍ॅनेट गॉर्डन-रीड, गुलामगिरीच्या मोठ्या इतिहासकार आणि स्वतः कृष्णवर्णीय. त्यांचं म्हणणं साधारण असं: पेंढ्या राहू द्या, पण त्या कुणाच्या घामाच्या आहेत हे प्रत्येक वेळी सांगा. चिन्ह गेलं की माणसंही विसरली जातील.

मुद्दा खोडून काढणं सोपं नाही. तरीही मला ढाल काढली ते योग्यच वाटतं. कुलचिन्ह हे मुळात मालकाचा मान मिरवण्यासाठी असतं. खाली कितीही तळटीपा जोडा, मान त्याचाच होतो. पण नुसतं काढून हात झटकले असते तर गॉर्डन-रीड यांची भीती खरी ठरली असती. तसं झालं नाही. २०१७ मध्ये लॉ स्कूलच्या आवारात एक शिळा बसवली गेली, ज्यांच्या कष्टांच्या पैशातून ही संस्था उभी राहिली त्या गुलामांच्या स्मरणार्थ. नवी ढाल आली २०२१ मध्ये.

चिन्ह बदलायला एक ठराव पुरतो. हिशेब मांडायला मात्र दफ्तर उघडावं लागतं. ‘सत्य’ हे ब्रीद मिरवणाऱ्या संस्थेला ते उघडायला दोनशे वर्षं लागली. बेलिंडाचा अर्ज मात्र संस्था स्थापन होण्याआधीपासून तिथेच होता.