कुरखेड्याच्या वाटेवरचा फळा

धूळपाटी हा मराठी मुलखातला सर्वांत स्वस्त फळा. लाकडी फळीवर बारीक माती किंवा विटेची पूड पसरायची, बोटाने नाहीतर काडीने अक्षर काढायचे आणि फळी हलवली की पाटी पुन्हा कोरी. पंतोजींच्या शाळेत मुले अशीच धुळाक्षरे गिरवीत. विकत आणावे असे त्यात काहीच नव्हते. अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासमध्ये मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले, तीच रीत आपल्या अनाथाश्रमाच्या शाळेत सुरू केली आणि 1797 साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापले. पुढे इंग्लंडमधल्या गरीब मुलांच्या शाळांतही वाळूचे तबक गेले.

दगडी पाटी मात्र बाहेरून आणावी लागे. चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा 1854 मध्ये नागपूर राज्याबरोबर इंग्रजी अमलाखाली गेला आणि 1861 मध्ये मध्य प्रांतात आला. सरकारी शाळांबरोबर पाटी-पेन्सिलीचा प्रसार झाला. भारतात पाटीच्या दगडासाठी आंध्रातले मार्कापूर आणि पेन्सिलीसाठी माळव्यातले मंदसौर प्रसिद्ध झाले. तेव्हा चांदा जिल्ह्यात असलेल्या, सती नदीकाठच्या कुरखेड्याला रेल्वे नाही; जवळचे स्टेशन वडसा. तिथून पुढचा प्रवास रस्त्याने, जंगलातून, आणि पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की थांबत थांबत. पेन्सील पैशा-दोन पैशांची असे, पण तिची खरी किंमत मंदसौरच्या कामगारांनी मोजली. दगड कापताना उडणारी धूळ फुप्फुसात साचून तिथे ऐन उमेदीतली माणसे सिलिकोसिसने गेली. त्यांच्या कल्याणनिधीसाठी मध्य प्रदेशाला 1982 मध्ये कायदा करावा लागला. स्वस्त वस्तूच्या इतिहासातले हे पान वगळून चालणार नाही.

1982 मध्येच 26 ऑगस्टला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला आणि कुरखेडा त्यात गेला. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून निघालेल्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळ्यासह आवश्यक साहित्य देण्याचे ठरवले. फळा ही गोष्ट देशाच्या धोरणात लिहावी लागली, यावरून तोवर किती शाळा त्याविना चालत होत्या हे कळते. लाकडी फळा वर्षा-दोन वर्षांत पांढुरका पडे. मग निकामी टॉर्चच्या सेलमधली काळी पूड किंवा कोळसा हिरव्या पाल्याबरोबर वाटून मुलेच तो फासत. हात दोन दिवस काळे राहत, पण फळ्यावर खडू पुन्हा उठून दिसे.

2015 नंतर प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमात भिंतच फळा झाली. वर्गाच्या चारही भिंतींना मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर हिरवा-काळा पट्टा रंगवायचा, फरशीवर अक्षरे आणि अंक काढायचे. घरी गोंडी बोलणाऱ्या मुलाला गोंडी शब्द आणि मराठी शब्द शेजारी लिहून पाहायला अशी ऐसपैस भिंत फार मोलाची. पुरवठादारही लागत नाही. रंगाचा डबा आणि ब्रश पुरतो.

पांढरा फळा सर्वांत उशिरा आला. ओल्या कापडाविना पुसता येणाऱ्या मार्करचे पेटंट अमेरिकेत जेरी वुल्फ यांच्या नावावर 1975 चे आहे. या शाईत रंगाला पृष्ठाशी चिकटू न देणारा तेलकट घटक असतो, त्यामुळे ती गुळगुळीत पृष्ठावर वरच्यावर राहते. पृष्ठ सच्छिद्र असेल तर रंग आत मुरतो. महागडा फळा पोलादावर काचेसारखा लेप भाजून केलेला असतो. स्वस्त फळ्यावर नुसते मेलामाइन. काही महिन्यांत त्यावर जुन्या अक्षरांची छाया उरते. तिच्यावरून ताजा मार्कर फिरवून लगेच पुसले तर बरीच निघते, कारण नव्या शाईतला अल्कोहोल जुनी शाई सोडवतो. दाबलेल्या भुशाची पाठ असलेला फळा पावसाळ्यात ओल धरून कडेने फुगतो. गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीच्या पावसात हा दोष लवकर उघडा पडतो.

घाऊक व्यापाराच्या संकेतस्थळावरून असा फळा मागवणे हा वेगळाच छळ आहे. किमतीच्या जागी ‘भाव विचारा’ असे लिहिलेले. मोबाइल नंबर दिला की ओळख नसलेल्या विक्रेत्यांचे फोन सुरू. हवा असतो एक फळा. पलीकडून किमान दहाची अट. जीएसटी वेगळा, गाडीभाडे वेगळे, माल नागपूरपर्यंत, पुढचे गिऱ्हाइकाने बघायचे. कोपरा दुमडून आला तर परतीचे भाडे कोणाचे, यावर वाद. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी एकूण किंमत एका आकड्यात दाखवणे बंधनकारक केले, पण ते ग्राहकासाठी. व्यापारासाठी केलेली खरेदी ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेरच राहते. दूरच्या तालुक्याने हा जाच मुकाट सोसावा, हे अन्यायाचे आहे.

म्हणून सुताराकडचा मार्ग टिकून आहे. चकचकीत पांढऱ्या सनमायक्याचा आठ बाय चार फुटांचा, एक मिलिमीटर जाडीचा पत्रा प्लायवर चिकटवायचा आणि कडांना लाकडी पट्टी ठोकायची. एका पत्र्यात चार बाय चारचे दोन फळे होतात. मॅट पत्रा घेतला तर शाई पुसली जात नाही, म्हणून दुकानातच कोपऱ्यावर मार्करने रेघ ओढून, मिनिटभर थांबून, कोरड्या फडक्याने पुसून पाहायचे.