दूध पिताना दमणारं बाळ

विदर्भातल्या खेड्यांत लेकराचं पोट भराभर उडू लागलं, बरगड्यांखाली खळगे पडू लागले की घरातल्या म्हाताऱ्या बाया एका शब्दात निदान करत: डब्बा झाला. या एका नावाखाली न्यूमोनिया यायचा, बाळदमा यायचा आणि जन्मतःच हृदयात छिद्र घेऊन आलेली मुलंही यायची. उपाय मात्र सगळ्यांवर सारखेच होत. यवतमाळला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, अशा बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची प्रथा आहे. तिला डंबा म्हणतात. ही गोष्ट जुन्या काळावर ढकलून देता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातल्या अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला श्वासाचा त्रास होत होता म्हणून तापलेल्या विळ्याने साठहून अधिक चटके दिले गेले. पुढे त्या बाळाच्या हृदयातही दोष असल्याचं डॉक्टरांनी सांगितल्याचं तेव्हा बातम्यांत आलं.

चटके देणाऱ्या हातांना दोष देणं सोपं आहे. पण त्या घरातल्या माणसांनी एक गोष्ट अचूक पाहिली होती: बाळाचा श्वास बिघडला आहे. श्वास कशामुळे बिघडला हे सांगणारं जाणतं माणूस त्यांच्या दाराशी वेळेत उभं नव्हतं. ते माणूस गावापर्यंत कसं आलं, त्याला काय शिकवलं गेलं आणि काय शिकवायचं राहून गेलं, याचा इतिहास विदर्भात घडला आहे, आणि यवतमाळ जिल्ह्याचा त्यात मोठा वाटा आहे.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १८६४ मध्ये वेगळा जिल्हा झाला, पुढे तो वणीच्या नावाने ओळखला गेला आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळालं. कापसासाठी मुर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत छोटी रेल्वे आली, जिला लोक शकुंतला म्हणू लागले. कापूस बाहेर नेण्याची सोय झाली, पण आजारी लेकराला दवाखान्यात नेण्याची सोय तेवढ्या वेगाने झाली नाही. सरकारी दवाखाने तालुक्याच्या गावांपुरते होते. मिशनच्या लोकांनी काही ठिकाणी रुग्णालयं उभी केली. शेजारच्या वाशिमला १९३८ मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी नाझरीन मिशनचं रुग्णालय सुरू केलं, आणि तिथे पुढे परिचारिकांचं शिक्षणही होऊ लागलं. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर तालुक्यातल्या उमरीला फ्री मेथडिस्ट मिशनचं रुग्णालय झालं. पण झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा या भागातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, परिचारिका पोहोचायला आणखी बराच काळ जावा लागला.

ती पोहोचली जिल्हा परिषदेमुळे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ग्रामीण कारभार जिल्हा परिषदांकडे सोपवण्याची शिफारस केली, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यांच्या ताब्यात आली. उपकेंद्रावर राहणारी एएनएम, म्हणजे गावाची नर्सबाई, ही जिल्हा परिषदेची कर्मचारी झाली. गावाला प्रथमच एक शिकलेली, पगारी बाई मिळाली, जिच्याकडे आजारी मूल घेऊन जाता येत होतं.

तिच्या डोळ्यांना मात्र वेगळंच काम लावलं गेलं. पुढची कित्येक वर्षं तिचं मोल कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियांच्या आकड्यांवर ठरत होतं. उद्दिष्टांची ही पद्धत १९९६ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाली. तोवर लेकराचा श्वास पाहणं हे तिच्या कामाच्या यादीत तळाशी होतं. या काळात किती मुलं 'डब्ब्याने गेली' म्हणून पुरली गेली आणि त्यांतली किती हृदयाची होती, याची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही.

श्वास मोजण्याची खरी विद्या विदर्भात आली ती गडचिरोलीतून. तिचा उगम त्याहून दूरचा. पापुआ न्यू गिनीतल्या गोरोका या गावी फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकला झालेल्या मुलांचा अभ्यास करून १९८४ मध्ये दाखवून दिलं की एक्स-रे किंवा स्टेथोस्कोप नसला तरी मिनिटाला पन्नासहून अधिक श्वास ही खूण न्यूमोनिया ओळखायला पुरेशी कामाची आहे, आणि छाती आत ओढली जात असेल तर मुलाला दवाखान्यात न्यायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेने हाच धागा पकडून नियम केले: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६०, वर्षाच्या आतल्या बाळाला ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०. श्वास याच्याइतके किंवा याहून जास्त असले तर तो वेगवान समजायचा.

डॉ. अभय आणि राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले तेव्हा त्यांच्यासमोर अडचण साधी आणि अवघड होती. गावातल्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. मग त्यांच्या 'सर्च' संस्थेत एक साधन तयार झालं. मिनिटभर चालणारं वाळूचं घड्याळ आणि त्याच्याजोडीला मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. थोड्या मोठ्या मुलांच्या ओळीत चार हिरवे आणि पाचवा लाल मणी, तान्ह्यांच्या ओळीत पाच हिरवे आणि सहावा लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचं. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईच्या हाती निदान आलं.

१९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या कामाचे निष्कर्ष छापून आले. गावातले आरोग्यदूत आणि दाया यांनी श्वास मोजून को-ट्रायमॉक्सझोल दिलेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. याच वाटेने पुढे नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची पद्धत आली आणि २०११ पासून देशभरातल्या आशा स्वयंसेविकांच्या कामात ती सामावली गेली. आज यवतमाळच्या पोडावर आशाताईच्या पिशवीत जो वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ असतं, त्याचं मूळ गडचिरोलीत आहे. मराठी मुलखाने जगाच्या आरोग्यशास्त्राला दिलेल्या देणग्यांत या कामाचं स्थान फार वरचं आहे.

तरीही या विद्येची एक मर्यादा होती, आणि ती ठरवून स्वीकारलेली होती. जाळं मुद्दाम मोठं टाकलं होतं. न्यूमोनिया नसलेल्या चार मुलांना औषध गेलं तरी चालेल, असलेलं एक सुटता कामा नये, असा तो हिशेब. तो बरोबरच होता. पण या जाळ्यात हृदयाचं मूलही सापडायचं आणि न्यूमोनियाचा शिक्का घेऊन बाहेर पडायचं. औषध पुरं व्हायचं, ताप असला तर जायचा, श्वास तसाच राहायचा. महिन्याभराने तेच मूल पुन्हा येणार. अशा मुलांची फुप्फुसं रक्ताने भारलेली असल्यामुळे त्यांना खराखुरा न्यूमोनियाही वारंवार होतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

जगात दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळं हृदयाचा दोष घेऊन येतात. त्यांत सर्वांत जास्त आढळतं ते खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला पडलेलं छिद्र. अशा बाळाची गंमत, खरं तर क्रूर गंमत, अशी की जन्मल्यावर ते चांगलं असतं. रडतं, पितं, वजन घेतं. जन्माच्या वेळी फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आक्रसलेल्या असतात, म्हणून छिद्रातून फारसं रक्त तिकडे वळत नाही. त्या जसजशा सैल होतात तसतसा रक्ताचा लोंढा फुप्फुसांकडे वाढतो. महिना-दीड महिन्यानंतर बाळाला धाप लागायला लागते. आशाताईच्या ठरावीक भेटी असतात तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यानंतरची ठरावीक भेट तिसऱ्या महिन्यात. म्हणजे मोठं छिद्र असलेल्या बाळाचा श्वास ज्या आठवड्यांत बिघडतो, नेमक्या त्याच आठवड्यांत घरी येणारं कुणी नसतं.

ती फट लसीकरणाच्या दिवशी भरून निघू शकते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींसाठी आई बाळाला घेऊन नर्सबाईसमोर येतेच. तिथे सुई टोचण्याआधी दोन मिनिटं बाळाकडे पाहिलं तर पुष्कळ कळतं. सुईनंतर पाहून उपयोग नाही, कारण रडणाऱ्या बाळाचा श्वास मोजणं व्यर्थ असतं.

हे पाहणं म्हणजे नेमकं काय, हे अनुभवी सिस्टरकडून शिकावं. ती आधी हात लावत नाही. आईच्या मांडीवर शांत असलेल्या बाळाचं झबलं वर करते आणि पूर्ण एक मिनिट मोजते. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करत नाही, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा चालत नाही, मध्येच थांबतो, मध्येच धावतो. नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांखाली ओढ पडते का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का, हे पाहते. न्यूमोनियाचं मूल बहुधा तापलेलं आणि झुंजणारं दिसतं. हृदयाचं मूल सुरुवातीला शांतपणे, भराभर, उथळ श्वास घेत पडलेलं असतं, आणि म्हणूनच ते फसवतं.

मग ती आईला बाळाला पाजायला सांगते. सगळ्यांत मोठी परीक्षा हीच. निरोगी बाळ जोरात ओढतं आणि झोपी जातं. हृदय थकलेलं बाळ चार घोट घेतं, थांबतं, धापा टाकतं, पुन्हा ओढतं. कपाळावर घाम डवरतो. अर्धा तास लोटला तरी पोट भरत नाही. आई सांगते, हे सारखं भुकेलं असतं पण पितच नाही. वजनाची रेघ आडवी झालेली असते. यकृत बरगडीच्या खाली बोटांना लागतं, नाडी धावत असते. मोठ्या मुलांत पाहण्याच्या खुणा वेगळ्या: खेळता खेळता उकिडवं बसणारं, ओठ निळसर पडणारं मूल असेल तर हृदयातला फॅलोचा दोष मनात यायला हवा. हे नाव १८८८ मध्ये मार्सेचे डॉक्टर आर्थर फॅलो यांच्या वर्णनावरून आलं. अशा मुलाला निळेपणाचा झटका आला तर त्याचे गुडघे पोटाशी घेऊन छातीला टेकवायचे, हे वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरच्या हातांत असायला हवं.

नुसत्या नजरेवर आणि हातावर इतका भर का, असं वाटेल, पण बालहृदयरोगशास्त्राचा पायाच तसा रचला गेला. बाल्टिमोरच्या डॉ. हेलन टॉसिग यांना ऐकू येईनासं झालं होतं. त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून हृदयाची थरथर वाचायला शिकल्या. निळ्या मुलांच्या फुप्फुसांना रक्त कमी पडतं हे त्यांनी ओळखलं, आणि त्यांच्याच आग्रहातून २९ नोव्हेंबर १९४४ रोजी आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी फुप्फुसांकडे रक्त वाढवणारी पहिली शस्त्रक्रिया केली. तिचं तंत्र प्रयोगशाळेत बसवलं होतं व्हिव्हियन थॉमस यांनी.

इकडे यवतमाळला १९८९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं, ज्याला आज वसंतराव नाईक यांचं नाव आहे. बालरोग विभाग जिल्ह्यातच आला. पण हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी वाट पुढे वर्ध्याजवळच्या सावंगी किंवा नागपूरकडेच जाते. त्या वाटेवरचा पहिला अडसर पैशाचा होता. राज्याने १९९७ मध्ये जीवनदायी योजना आणली. २०१३ च्या अखेरीस तिचं नवं रूप सगळ्या जिल्ह्यांत पोहोचलं, आणि २०१७ पासून ते महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखलं जातं. दुसरा अडसर मूल सापडण्याचा. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातलं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा प्रत्येक मूल तपासतं. पथकात डॉक्टरांबरोबर नर्सही असते. शाळेत धावताना मागे पडणारी, पूर्वी 'अशक्त' म्हणून सोडून दिली जाणारी कितीतरी मुलं या तपासणीने शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेली.

रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर त्यानंतर आला. जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७० च्या दशकातल्या शोधातून निघालेलं हे साधन बालन्यूमोनियाविरोधी २०१९ च्या 'सांस' मोहिमेने प्राथमिक केंद्रांच्या पातळीवर आणलं आणि कोरोनाने घराघरांत पोहोचवलं. नवजात बाळाच्या उजव्या हातावर आणि एका पायावर ते लावून पाहिलं, दोन आकड्यांत तीन टक्क्यांहून जास्त फरक पडला किंवा आकडा ९० च्या खाली गेला, तर हृदयाचा गंभीर दोष वेळेत पकडता येतो. पण छिद्राच्या बाळाचा आकडा ९७ किंवा ९८ सुद्धा दाखवू शकतो, कारण त्याचं रक्त निळं नसतं, फुप्फुसं भरलेली असतात. सावळ्या कातडीवर हे यंत्र काही वेळा खरं असतं त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतं, हेही आता सिद्ध झालं आहे. म्हणून गोंड-कोलाम मुलांत जीभ आणि ओठांची आतली बाजू डोळ्यांनी पाहणं चुकवून चालत नाही.

ओळख चुकली तर नुकसान फक्त उशिराचं नसतं. अशक्त दिसतं म्हणून अशा बाळाला सलाईन वेगाने लावलं तर आधीच भारलेल्या हृदयावर आणखी भार येतो. झरी जामणीच्या टोकावरून १०८ च्या गाडीत बसवताना बाळाचं डोकं उंच ठेवणं, त्याला रडू न देणं आणि चिठ्ठीवर 'न्यूमोनिया' एवढाच शब्द न लिहिता शांत असतानाचा श्वास, पिण्याला लागलेला वेळ, घाम, महिन्याभरातलं वजन आणि आधी किती वेळा असाच आजार झाला हे लिहिणं, एवढं नर्सबाईने केलं तर यवतमाळच्या वॉर्डातला डॉक्टर पहिल्याच दिवशी हृदयाचा इको काढायला पाठवतो.