कोंडी कुणाची झाली? : गोव्याची आर्थिक नाकेबंदी आणि तिचा धडा



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यापुढे देवळाच्या अग्रशाळेत मांडी घालून मी मुळाक्षरे गिरवली. त्यांच्या नावाने दोन शब्द बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. विषय मात्र मी असा निवडला आहे की, ज्याबाबत मास्तरांचे आणि माझे मत अखेरपर्यंत जुळले नाही. एखाद्या देशाने शेजारच्या भूमीशी व्यापार तोडावा आणि ती तोड वर्षानुवर्षे चालू ठेवावी, हे कितपत योग्य? हा प्रश्न आज जगात अनेक ठिकाणी विचारला जातो. आपल्याला तो पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. तो आपल्या दारावरून गेलेला आहे.

माझे बालपण पेडणे महालात, सरहद्दीपासून दोन-तीन कोसांवर गेले. पत्रादेवीच्या पलीकडे बांदे आणि त्यापुढे सावंतवाडी हे आमचे बाजार. सोयरीक पलीकडची, वैद्य पलीकडचा, शाळेतली पुस्तकेही पलीकडून येणारी. वडील मुंबईला एका पेढीवर कारकून होते आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांची मनीऑर्डर येई. आमच्या घराची चूल त्या मनीऑर्डरीवर पेटत असे, आणि गोव्यातल्या हजारो घरांची स्थिती याहून निराळी नव्हती. पोर्तुगीज राजवटीत शिकल्यासवरलेल्यांना पुरेसे काम नव्हते. मुंबई, पुणे, बेळगाव, कराची, आफ्रिकेचा किनारा आणि आगबोटी येथे राबणारी माणसे घरी पैसे पाठवीत, म्हणून गोवा जगत होता.

थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावला सभाबंदी मोडली आणि मुक्तिसंग्रामाला नवे वळण मिळाले. भारत स्वतंत्र झाल्यावर फेब्रुवारी १९५० मध्ये दिल्लीने लिस्बनकडे वाटाघाटींचा प्रस्ताव ठेवला. लिस्बनने तो धुडकावला. १९५१ मध्ये सालाझारच्या सरकारने राज्यघटना दुरुस्त करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले, जेणेकरून गोवा हा पोर्तुगालचाच अवयव आहे असे जगाला सांगता यावे. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. त्याच काळात आर्थिक निर्बंधांना आरंभ झाला. मुंबईच्या गोदी कामगारांनी गोव्याकडे जाणाऱ्या मालावर बहिष्कार घातला. सरकारने प्रवासाला परवाने लावले, पैसे पाठविण्यावर आणि मालाच्या वाहतुकीवर बंधने घातली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मारली गेली. त्यानंतर राजनैतिक संबंध तुटले, कॅसल रॉकहून मुरगावकडे येणारी आगगाडी थांबली आणि १ सप्टेंबरपासून गोव्यातील भारतीय वकिलातीचे दार लागले. नाकेबंदी पुरी झाली.

त्या स्वातंत्र्यदिनी मी आठ वर्षांचा होतो. पत्रादेवीकडून येणारे आवाज आमच्या अंगणात ऐकू आले. त्या दिवशी मास्तरांनी शाळा सोडून दिली आणि ते बराच वेळ ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते, हे मला स्वच्छ आठवते. अशा गोळीबारानंतर मारेकऱ्यांशी देवघेव चालू ठेवावी, असे कोणता स्वाभिमानी देश म्हणेल? नाकेबंदीच्या मागचा संताप खरा होता. दुसरी एक गोष्टही खरी होती. पंडित नेहरूंना लष्कर पाठवायचे नव्हते. जगाला शांततेचा मार्ग सांगणाऱ्या देशाने आपल्या पहिल्याच कसोटीला शस्त्र उपसू नये, ही त्यांची भूमिका होती. सत्याग्रह रक्तात बुडाला, वाटाघाटी बंद पडल्या. मग हातात राहिले ते व्यापाराचे साधन. गोवा तांदळापासून कापडापर्यंत भारतावर अवलंबून आहे, रसद तोडली की पोर्तुगीज आपण होऊन जातील, असा हिशेब होता.

हा हिशेब कागदावर चुकीचा नव्हता. गोव्यात पिकणारा तांदूळ वर्षभर पुरत नसे. डाळी, साखर, कांदे, मिरची, गूळ, भाजीपाला हे घाटावरून येई. चोर्ल्याच्या आणि अनमोडच्या वाटेने बैलांचे तांडे उतरत. उलट नारळ, सुपारी, आंबा, मासळी आणि आगरांतले मीठ यांना गिऱ्हाईक होते ते भारतातच. सरहद्द बंद होताच दोन्ही बाजूंनी फास बसला. आमच्या घरी मनीऑर्डर थांबली. परवाना मिळवून कोणी येणारा-जाणारा भेटला तर वडील त्याच्या हाती चार पैसे देत. ते कधी पोचत, कधी वाटेत झडतीत जात. आजीने पहिल्या वर्षी पाटल्या मोडल्या, दुसऱ्या वर्षी दुभती म्हैस विकली. कुळागरात सुपारी पडून राहिली. धाकटी आत्या पलीकडे, आरोंद्याला दिली होती. तिच्या पहिल्या बाळंतपणाला माहेरचे कोणी जाऊ शकले नाही. मुलगी दगावली, तेही आम्हाला बाविसाव्या दिवशी कळले. आजी एवढेच म्हणाली, “फिरंग्याला कोंडायला निघाले, आणि कडी आमच्या दाराला घातली.” इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पुढे मी पुष्कळ कागद चाळले; या वाक्याला खोडून काढणारा पुरावा मला सापडला नाही.

कारण ज्याला कोंडायचे होते, तो कोंडला गेलाच नाही. सालाझारला गोव्याच्या बाजारातील भावाशी कर्तव्य नव्हते. त्याला साम्राज्याची प्रतिष्ठा राखायची होती आणि त्यासाठी तो पैसा ओतायला तयार होता. दाबोळीला विमानतळ उभा राहिला, पोर्तुगीज हिंदुस्थानची स्वतंत्र विमानसेवा १९५५ मध्ये सुरू झाली आणि कराचीशी हवाई संबंध जोडला गेला. पाकिस्तानातून तांदूळ आणि भाजी, सिलोनमधून चहा, हॉलंडमधून बटाटे, जपानमधून सिमेंट, बेल्जियममधून पोलाद असा माल मुरगाव बंदरात उतरू लागला. पेडण्याच्या बाजारात बेळगावचा बटाटा मिळेना आणि समुद्रापलीकडचा मिळू लागला, ही त्या वर्षांची एक विचित्र आठवण आहे. पोर्तुगाल नाटो संघटनेचा सभासद होता. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगीज प्रांत असाच झाला. ज्या कोंडीत एकच शेजारी उभा आहे आणि बाकीचे जग मोकळे आहे, तिची सारी झळ गरिबाला लागते. तालेवाराला दुसरी वाट सापडते.

आणि ही दुसरी वाट लोखंडाची होती. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील खनिजाला जपान आणि पश्चिम जर्मनीत मागणी होती. नाकेबंदीच्या वर्षांत खाणी फोफावल्या, निर्यात कित्येक पटींनी वाढली. मांडवी आणि जुवारी यांच्या पात्रांतून बार्जी दिवसरात्र मुरगावकडे चालल्या. सरकारला परकीय चलन मिळाले, खाणमालकांना संपत्ती मिळाली आणि ज्यांची बागायत बसली होती अशा माणसांना खाणीवर मजुरी मिळाली. आमचा एक चुलता तिकडेच गेला. जोडीला चोरटा व्यापार वाढला. सोने, घड्याळे, परदेशी दारू आणि चैनीच्या वस्तू गोव्यात उतरून रात्रीच्या रात्री सरहद्द ओलांडत. मीठ-मिरचीला बंद असलेली वाट सोन्याला मात्र उघडी राहिली. १९५८ नंतर रुपया जाऊन एस्कुदो आला, आणि भारताशी असलेला रोजच्या व्यवहाराचा आणखी एक धागा तुटला. ज्या जनतेला आपल्यात आणायचे होते, तिला सात वर्षे आपल्यापासून दूर ठेवण्याचे काम नाकेबंदीने केले.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. १७ डिसेंबर १९६१ च्या रात्री भारतीय सैन्याच्या हालचाली सुरू झाल्या आणि १९ तारखेला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. सात वर्षांत जे नाकेबंदीने साधले नाही, ते दोन दिवसांत झाले. यावरून लष्करी मार्गच बरा, असा निष्कर्ष मी काढणार नाही. मात्र नाकेबंदीमुळे गोवा मुक्त झाला, असे म्हणण्याला इतिहासात आधार नाही, एवढे तरी आपण मान्य केले पाहिजे.

मास्तरांचा मुद्दा निराळा होता. मी कॉलेजातून सुटीला आलो असता त्यांच्याशी या विषयावर वाद घातला. ते म्हणाले, “बहिष्कार यशासाठी नसतो. अन्यायात आपला वाटा नको, म्हणून असतो.” हा विचार मी हलक्याने घेत नाही. याच भावनेने भारताने जुलै १९४६ मध्ये, स्वतः पारतंत्र्यात असताना, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि वर्णद्वेषी राजवटीचा अंत दृष्टिपथात येईपर्यंत, १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत, तो तोडलेलाच ठेवला. ते योग्यच होते, असे मी मानतो. पण तेथे दोन गोष्टी होत्या. ज्यांना झळ लागणार होती त्या कृष्णवर्णीयांचे नेतेच, अल्बर्ट लुथुलींपासून, बहिष्काराची मागणी जगाकडे करीत होते. दुसरे म्हणजे, हळूहळू का होईना, जग त्यात सामील झाले. १९८६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनेही अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून निर्बंध लादले. तरीही परिणाम दिसायला दशके लागली.

दुसरे टोक क्यूबाचे. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर असलेल्या या बेटावर १९६० मध्ये निर्बंध आले आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडींनी व्यापार जवळजवळ संपूर्ण बंद केला. एप्रिल १९६० च्या अमेरिकन परराष्ट्रखात्याच्या एका टिपणात हेतू उघड लिहिलेला आहे : लोकांची उपासमार आणि निराशा वाढवावी, म्हणजे ते सरकार उलथवतील. सरकार उलथले नाही. फिदेल कॅस्ट्रो २००८ पर्यंत सत्तेवर राहिले. तेथील टंचाईला त्या राजवटीचे स्वतःचे दोषही कारण आहेत. पण प्रत्येक दोष निर्बंधांवर ढकलण्याची सोय शेजाऱ्यानेच तिला करून दिली. १९९६ च्या कायद्याने निर्बंध असे जखडून ठेवले की, एकट्या अध्यक्षाला ते उठवता येऊ नयेत. १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांची आमसभा मोठ्या बहुमताने ते उठविण्याची मागणी वारंवार करीत आली आहे. साठ वर्षे उलटून गेल्यावर ज्या उपायाने रोग हटला नाही, त्याला उपाय म्हणावे काय?

यावरून मला जे दिसते ते थोडक्यात मांडतो. शस्त्रे आणि युद्धसामग्री शेजाऱ्याला न देणे हा प्रत्येक राष्ट्राचा हक्क आहे. पण धान्य, औषध, टपाल, पुस्तके आणि कुटुंबाला पाठविलेला पैसा यांवर बंदी घालण्याचा हक्क कोणालाही असू नये. अन्य बंदी घालायची तर तिला मुदत हवी. ती संपताच हेतू साधला की नाही याचा जाहीर हिशेब झाला पाहिजे. आणि झळ सोसणाऱ्यांची संमती कोठे आहे, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. या कसोट्यांना जी नाकेबंदी उतरत नाही, ती उठवावी. ती उठविणे म्हणजे शेजाऱ्याच्या अन्यायाला माफी देणे नव्हे. अन्यायाचा निषेध करायला दुसरे मार्ग आहेत. आजीच्या पाटल्या मोडायला लावणे हा त्यांपैकी नाही.

मुक्तीनंतर वाट खुली झाली, तेव्हा आरोंद्याला पहिल्यांदा मीच गेलो. आत्याने मला ओळखले नाही. ओळख पटल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो आजीच्या म्हशीचा. मास्तरांना हे मी सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, “तिला कुणी पत्र का लिहिले नाही?” आणि दुसऱ्या क्षणी, पत्रे पोचण्याचा भरवसाच नव्हता हे ध्यानात येऊन, ते खाली मान घालून कित्ते तपासू लागले.

मत त्यांनी बदलले नाही. परंतु त्या वर्षापासून शाळेत दर शनिवारी प्रत्येक मुलाने सरहद्दीपलीकडच्या एका नातेवाइकाला पत्र लिहिण्याचा पाठ त्यांनी सुरू केला. टपालाचा खर्च ते स्वतः करीत. आजच्या सभेत त्या पाठातले काही विद्यार्थी, आता केस पिकलेले, समोर बसलेले मला दिसत आहेत. मास्तरांच्या स्मृतीला माझे वंदन असो.