भीमेचे पाणी, उरणचा वायू

कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पुणे–नगर रस्त्यावरच्या पट्ट्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र कधीच उभे राहिले नाही. ना धरणावरचे, ना कोळशाचे, ना वायूवर चालणारे. तरीही राज्याच्या वीजजाळ्याच्या नकाशात हा भाग ठळक आहे. नदीच्या अलीकडे हवेली तालुक्यात लोणीकंदचे ४०० केव्हीचे उपकेंद्र आणि पलीकडे शिरूर तालुक्यात शिक्रापूरचे ७६५ केव्हीचे उपकेंद्र, या दोहोंच्या मध्ये कोरेगाव आहे. शंभर वर्षांत या परिसराने विजेसाठी आधी पाणी दिले, मग जमीन दिली. वीज मात्र त्याला फार उशिरा मिळाली, आणि तीही सगळ्यांना एकाच वेळी नाही.

भीमेचा आणि विजेचा पहिला संबंध घाटमाथ्यावर आला. सह्याद्रीच्या कड्यापासून हाकेच्या अंतरावर उगम पावणाऱ्या नद्या पूर्वेकडे वाहत थेट बंगालच्या उपसागराला मिळतात, तर कड्याच्या पश्चिमेला जमीन एकदम सुमारे ५०० मीटर खाली कोकणात उतरते. पूर्वेकडे जाणारे पाणी अडवून पश्चिमेला सोडले तर फार मोठा दाब मिळतो, एवढ्यावर टाटांच्या जलविद्युत योजना उभ्या राहिल्या. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि लोणावळा, वळवण व शिरवटा या तलावांच्या पाण्यावर १९१५ मध्ये खोपोलीचे केंद्र सुरू झाले. आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणातून १९२२ मध्ये भिवपुरी केंद्राला पाणी मिळाले. मुळेवरच्या मुळशी धरणावर १९२७ मध्ये भिरा केंद्र चालू झाले. या तिन्ही ठिकाणांची आजची एकत्रित क्षमता ४४७ मेगावॅट आहे.

आंध्रा इंद्रायणीला मिळते आणि इंद्रायणी तुळापूरला भीमेला. तुळापूर कोरेगावच्या वरच्या अंगाला आहे. मुळा-मुठा त्याहून खाली, रांजणगाव सांडस येथे भीमेत येते आणि तिचे पाणी दौंडकडे जाते. म्हणजे टाटांच्या तलावांत अडवून कोकणात सोडलेले पाणी एरवी शिरूर आणि दौंड या तालुक्यांतून वाहिले असते. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, टाटांचा हा वापर वर्षाला ४२ टीएमसीच्या घरात धरला. त्यातून झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना, ट्रामला आणि पुढे रेल्वेला गेली. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली केलेला सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. तो बुडणाऱ्या जमिनींसाठी होता. धरणाच्या खालच्या गावांच्या पाण्याचे काय, हा प्रश्न त्या वेळी कोणी फारसा विचारला नाही. ते पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्यात वळवावे ही मागणी पुढे उन्हाळ्यागणिक होऊ लागली. आजही होते.

पुणे शहरात पूना इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी ही खाजगी कंपनी वीज पुरवत असे. १९२९ मध्ये कल्याण–पुणे रेल्वेमार्गही विजेवर आला. शहराच्या पूर्वेला मात्र वीज नव्हती. शिरूर आणि दौंडमध्ये विहिरीवर मोट चाले. नंतर सधन शेतकऱ्यांकडे ऑइल इंजिने आली. किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना १९४६ पासून खडकीलाच होता. खाजगी कंपनीला दूरवरच्या दोन-चार पंपांसाठी खांब रोवून तारा ओढणे परवडणारे नव्हते आणि तसे बंधनही तिच्यावर नव्हते.

ही जबाबदारी सरकारी मंडळांनी उचलली. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यानुसार राज्यांना वीज मंडळे स्थापन करण्याची तरतूद झाली. मुंबई राज्याचे मंडळ १९५४ मध्ये आले आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. लोकांच्या तोंडी ते ‘एमएसईबी’च राहिले, मंडळ मोडून दोन दशके झाली तरी वीजबिल भरायला माणूस ‘एमएसईबी’तच जातो. मंडळाचा पहिला मोठा आधार होता कोयना. पोफळीच्या भूमिगत केंद्रातील पहिला संच १९६२ मध्ये चालू झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने क्षमता १,९६० मेगावॅटवर गेली. येथेही तंत्र टाटांचेच, पूर्ववाहिनीचे पाणी पश्चिमेला सोडण्याचे. पण मालकी राज्याची. त्यामुळे तारा मुंबईबरोबर देशावरच्या गावांकडेही वळल्या. पाठोपाठ भुसावळ, एकलहरे, परळी, कोराडी आणि चंद्रपूर येथे कोळशाची केंद्रे उभी राहिली.

पुणे जिल्ह्यातल्या पाटबंधाऱ्यांच्या धरणांनाही छोटी वीजगृहे जोडली गेली. भाटघर १६ मेगावॅट, पवना १०, वीर ९, पानशेत आणि वरसगाव प्रत्येकी ८, माणिकडोह ६, डिंभे ५. शिरूर शहराजवळून वाहणाऱ्या घोड नदीवरचे धरण ते डिंभे. या सगळ्यांची बेरीज साठ-बासष्ट मेगावॅट होते. ही वीज शेतीला पाणी सोडताना ओघाने होते. तिच्या भरवशावर कारखाना चालत नाही.

शिरूर-दौंडच्या शेतीवर खरा परिणाम झाला तो निर्मितीपेक्षा दराचा. मंडळाने १९७७ मध्ये शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू केली. खेडोपाडी मीटरवाचन करणे मंडळाला जड जात होते आणि शेतकऱ्यालाही ठोक रक्कम सोयीची होती. पंप कितीही तास चालला तरी बिल तेवढेच, त्यामुळे भीमा, घोड आणि कालव्यांच्या काठाने ऊस वाढला. पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा हे सहकारी कारखाने त्याच उसाच्या जोरावर उभे राहिले. दुसऱ्या बाजूला मंडळाकडे किती वीज शेतीत गेली आणि किती चोरीत, हे सांगणारा आकडाच उरला नाही. आकडे टाकून घेतलेली वीजही शेतीच्या खात्यात मांडता येत होती. मंडळाची पुढची आर्थिक दुरवस्था केवळ शेतकऱ्यांमुळे झाली असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे.

या काळात पश्चिम किनाऱ्यावर नवे इंधन हाती आले होते. सागरसम्राट या समुद्री खोदकाम-मंचाला १९७४ मध्ये मुंबईपासून दूर समुद्रात तेल सापडले आणि १९७६ मध्ये बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वायू येतो. तो वापरण्याची सोय नसेल तर जाळून टाकावा लागतो, आणि सुरुवातीची काही वर्षे तेच झाले. समुद्रतळावरून नळाने उरणला आणलेल्या या वायूवर मंडळाने १९८२ मध्ये ६० मेगावॅटचे चार संच चालू केले. पुढे १०८ मेगावॅटचे चार संच आले. यातल्या १०८ मेगावॅटच्या एका संचापुढेही पुणे जिल्ह्यातल्या सगळ्या छोट्या वीजगृहांची बेरीज थिटी पडते.

वायू टर्बाइनमध्ये वाफ लागत नाही. वायू जाळून निघालेला तप्त झोत थेट पाती फिरवतो. त्यामुळे कोळशाच्या संचाला चालू व्हायला जिथे कित्येक तास लागतात तिथे हा संच थोड्या वेळात पूर्ण भार घेतो, आणि संध्याकाळी एकदम वाढणाऱ्या मागणीला तो नेमका उपयोगी पडतो. पण बाहेर पडणाऱ्या धुरातली बरीच उष्णता वाया जाते. ती वापरण्यासाठी १९९४ पर्यंत उरणला प्रत्येकी १२० मेगावॅटचे दोन वाफेचे संच जोडले गेले. धुराने पाणी उकळायचे आणि त्याच्या वाफेवर आणखी वीज करायची, जादा वायू न जाळता. जुने छोटे संच निवृत्त झाल्यावर केंद्राची क्षमता ६७२ मेगावॅट राहिली. राज्याच्या मालकीचे वायूवर चालणारे हे एकमेव केंद्र. ते पूर्ण क्षमतेने क्वचितच चालले, कारण संच होते, पण पुरेसा वायू नव्हता. बॉम्बे हायचा वायू खत कारखान्यांनाही हवा होता आणि इतरांनाही, आणि समुद्रातले साठे आटत चालले होते.

वायूवरचा दुसरा प्रयोग दाभोळचा. एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी १९९२ मध्ये झालेल्या समझोत्यापासून हा प्रकल्प वादात होता. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ च्या मे महिन्यात नाफ्त्यावर सुरू झाला. द्रवरूप वायू नंतर जहाजाने यायचा होता. मंडळ हा एकमेव ग्राहक. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे, तेही डॉलरशी जोडलेल्या दराने, अशा करारात रुपया घसरला आणि नाफ्ता महागला की काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये कराराचे वाभाडे काढले. त्याच वर्षी केंद्र बंद पडले आणि वर्ष संपता संपता अमेरिकेत एन्रॉनचेच दिवाळे निघाले. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापून प्रकल्प पुन्हा चालवला गेला. त्याची क्षमता १,९६७ मेगावॅट असली तरी वायूअभावी तो बहुतांश झोपलेलाच राहिला. पुढे रेल्वेला वीज देण्यापुरता त्याचा काही भाग जागा झाला. दाभोळने घेतलेला खरा बळी पैशाचा नव्हता, वेळेचा होता. या एका भांडणात राज्याने नव्या केंद्रांची दहा वर्षे घालवली.

त्याची किंमत शिरूर-दौंडने मोजली. २००५ च्या ६ जूनला मंडळाचे विभाजन झाले: महानिर्मिती वीज तयार करणार, महापारेषण वाहून नेणार, महावितरण घरापर्यंत पोचवणार. नव्या कंपन्यांचे स्वागत भारनियमनाने झाले. २००६ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये उद्योगांनी आपली डिझेल जनित्रे चालवायची, त्यातून वाचलेली वीज शहराला द्यायची आणि जादा खर्च ग्राहकांनी थोड्या वाढीव दराने भरायचा, अशी व्यवस्था वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने झाली. ‘पुणे पॅटर्न’ म्हणून तिची वाखाणणी झाली. शहराची हद्द संपली की पॅटर्नही संपत असे. गावात दिवसाचे अनेक तास लाईट नसे, आणि शेतीची तीन फेज आठवड्याच्या पाळीने दिवसा किंवा रात्री येई. गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे केल्यावर घरातले दिवे तरी टिकू लागले. शिरूरच्या उसात बिबटे वाढल्यावर रात्री पाणी धरायला जाणे जिवावरचे झाले, आणि दिवसा वीज द्या ही मागणी सोयीची न राहता जिवाची झाली.

याच वर्षांत कोरेगावचा पट्टा बदलला. रांजणगावची औद्योगिक वसाहत, सणसवाडी आणि शिक्रापूरचे कारखाने यांना अखंड वीज हवी होती. लोणीकंदला कोयना-कऱ्हाडच्या बाजूने ४०० केव्हीच्या वाहिन्या येऊन पोचल्या होत्याच. शिक्रापूरला पॉवरग्रिड या केंद्रीय कंपनीने ७६५ केव्हीचे उपकेंद्र उभारले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले, आणि सोलापूरहून पुढची ७६५ केव्हीची वाहिनी याच शिक्रापूरला येते. देशभरातल्या केंद्रांची वीज इथे उतरते, रोहित्रांतून ४०० आणि २२० केव्हीवर येते आणि शेवटी २२ केव्हीच्या फीडरवरून डीपीपर्यंत. ज्याच्या शेतात मनोरा उभा राहिला त्याचा मोबदल्याचा वाद मात्र वाहिनीबरोबर संपला नाही.

वायूही आता या बाजूला आला आहे, पण वीजकेंद्राच्या वाटेने नाही. गुजरातमधल्या दहेजला जहाजाने येणारा द्रवरूप वायू २००७ पासून गेलच्या नळाने उरण-पनवेलपर्यंत येतो, आणि पनवेलहून एक फाटा घाट चढून पुण्याला जातो. गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी २००६ मध्ये स्थापन केलेली महाराष्ट्र नॅचरल गॅस ही कंपनी पुणे-चाकण परिसरात तो वाटते. जिल्ह्याचा उरलेला भाग टोरेंट गॅसकडे आला. घरगुती स्वयंपाकाच्या सिलिंडरचा मार्ग वेगळा: उरणहून चाकण आणि शिक्रापूरच्या भरणा केंद्रांपर्यंत एलपीजीचा सुमारे १६८ किलोमीटर लांबीचा नळ आला, तेव्हा बोरघाट चढणाऱ्या टँकरांची रांग कमी झाली. केंद्र सरकारने २०१४ मध्ये देशी वायूच्या वाटपात वाहने आणि घरगुती नळवायूला पहिला क्रम दिला. उरणच्या टर्बाइनांचा क्रम त्यानंतरचा.

वीज इथल्याच जमिनीत तयार होण्याची सुरुवात दोन वाटांनी झाली. साखर कारखाने बगॅस जाळून गाळपाच्या हंगामात स्वतःपुरती वीज करतात आणि उरलेली जाळ्याला विकतात. दुसरी सुरुवात सौर. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रापासून काही किलोमीटरवर लहान सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची आहे. २०२३ मध्ये योजना मोठ्या प्रमाणावर नव्याने आखली गेली. लोणीकंद-शिक्रापूरच्या उंच मनोऱ्यांशी या प्रकल्पांचा संबंध नाही. पडीक किंवा गायरान जमीन, जवळचे ३३ केव्हीचे उपकेंद्र आणि सूर्य असेपर्यंत चालणारा पंप एवढाच त्यांचा आवाका आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल राज्य सरकार भरते.